दिवंगत परीक्षकाचा शेरा

टेंभेकर सरांना जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि सरांनी केतकीचा पेपर नाकारला होता.

नकार आला तेव्हा ती नागपूरच्या त्यांच्या संशोधन संस्थेच्या कँटीनमध्ये तर्री-पोहे खात बसली होती. शेरा वाचला आणि घास तोंडातल्या तोंडात फिरू लागला. परीक्षकाचं नाव अर्थातच दिलेलं नव्हतं. पण द्यायची गरज कुठे होती? 'मांडणी नेटकी. प्रश्न जुना. उत्तराची घाई झाली.' असं तुकडे तोडून लिहिणारा माणूस तिला एकच माहीत होता. डॉ. केतकी धर्माधिकारीने त्याच्या हाताखाली रसायनशास्त्रात उमेदीची सगळी वर्षं काढली होती आणि अंबाझरी घाटावर त्याला पोचवायलाही ती स्वतः गेली होती.

यात भूतबीत काही नव्हतं. भुताला निदान कुणाला तरी घाबरवायचं असतं. ही नुसती 'छाया' होती, आणि छायेला कशाशीच काही देणंघेणं नसतं.

थोडं मागे जाऊन सांगायला हवं. शास्त्रज्ञाने पेपर लिहिला की छापण्याआधी तो त्याच विषयातल्या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तपासायचा, ही रीत जुनी. पण पेपर झाले डोंगराएवढे आणि तपासणारे मूठभरच. मग पेपर वर्ष-वर्ष पडून राहायचे. कुणी न वाचताच 'ठीक' लिहायचं, कुणी जुनं उट्टं काढायचं. शेवटी मूल्यमापन परिषदेने 'निकष' नावाची यंत्रणा आणली. आजवर छापलेलं सगळं संशोधन तिने वाचलेलं. नवा पेपर तिच्या हाती दिला की पुढच्या दहा वर्षांत किती जण त्याचा हवाला देतील, हे ती आजच सांगायची, आणि तिचा अंदाज क्वचितच चुकायचा. त्या अंदाजाचा शून्य ते शंभरमध्ये आकडा काढायचा. तो त्या पेपरचा मूल्यांक.

परीक्षकांचा प्रश्नही 'निकष'नेच सोडवला. एखाद्याने जन्मभर लिहिलेले शेरे, पेपर, ई-मेल असं सगळं यंत्राच्या पोटात घालायचं. यंत्र त्याच्यासारखं वाचू लागे, त्याच्यासारखंच नाक मुरडू लागे. ही त्या माणसाची छाया. तिने पेपर उचलून धरला तर मूल्यांक चढे, नाकारला तर तळाला जाई. जिचे निवाडे पुढे खरे ठरत, म्हणजे जिने नाकारलेल्या पेपरांचा खरोखरच कुणी हवाला देत नसे, तिचा मान मोठा. माणूस मेला तरी छाया निवृत्त होत नसे. तिला आजारपण नाही, रजा नाही, हेवादावा नाही. परिषदेने अशा छायांना नावही झोकदार दिलं होतं: चिरंतन परीक्षक. टेंभेकर सरांची छाया त्यांत पहिल्या क्रमांकावर होती.

आणि केतकीचा पेपर होता टेंभेकर सरांच्याच कामाची चूक दाखवणारा.

सरांचं नाव झालं ते पाणी गाळण्याच्या मातीमुळे. पांढरकवड्याकडच्या गावांत विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड फार. ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, मोठ्यांचे गुडघे वाकतात आणि मग सरळ होत नाहीत. सरांनी लाल मातीच्या गोळ्यांवर अॅल्युमिनियमच्या क्षाराचा लेप चढवला. पाणी त्यांतून गेलं की फ्लोराइड लेपाला चिकटून राहायचं. स्वस्त, सोपं, विजेशिवाय चालणारं. पेपरचा मूल्यांक सत्त्याण्णव. शासनाने शेकडो शाळांत ते फिल्टर बसवले आणि प्रत्येक फिल्टरवर हिरव्या रंगात तो आकडा रंगवला.

सरांनी प्रयोगशाळेत महिनोन् महिने चाचण्या घेतल्या होत्या, पाणी अखंड वाहतं ठेवून. पण शाळेला मेची सुट्टी असते, हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही आणि इतर कुणाच्याही. प्रयोगशाळेला कुठे मेची सुट्टी असते! सुट्टीत शाळेचा नळ बंद. विदर्भातलं ऊन, वर पत्र्याची टाकी, आत साचलेल्या पाण्यात गोळ्या शिजत पडलेल्या. पहिला उन्हाळा त्या तग धरायच्या. दुसऱ्या उन्हाळ्यात लेप सुटायचा, आणि जूनअखेर शाळा उघडली की इतके दिवस धरून ठेवलेलं फ्लोराइड गोळ्या पाण्यात सोडायला लागायच्या. जोडीला अॅल्युमिनियम. पुढचे कित्येक महिने फिल्टरचं पाणी विहिरीच्या पाण्याहून वाईट.

शंका आली होती ती सरांनाच. शेवटच्या दिवसांत, दवाखान्याच्या खाटेवर. "माती उन्हाळ्यात काय करते, ते आपण पाहिलंच नाही गं केतकी," ते म्हणाले होते. "जाऊन ये एकदा."

ती गेली. एकदा नाही, दोन शाळांत, सलग तीन उन्हाळे. नळातलं पाणी बाटल्यांत भरून आणलं, तपासलं, पुन्हा तपासलं. आता पेपर छापून यायला हवा होता, तोही शाळा उघडायच्या आत. कारण मूल्यांक चाळीसच्या खाली असेल तर जल विभाग त्या संशोधनाला पुरावाच मानत नसे. हा नियमही कुणी वाईट हेतूने केला नव्हता. पूर्वी कुणीही सोम्यागोम्या कसलाही पेपर आणून योजना बंद पाडायचा, म्हणून केलेला. केतकीच्या पेपरला मिळाले होते सहा.

तिने परिषदेचे सचिव गंधे यांना फोन लावला. गंधे मृदू बोलणारे, कुणाला 'नाही' म्हणतानाही उपकार केल्यासारखे वाटणारे गृहस्थ.

"गंधे साहेब, ज्या माणसाची चूक मी दाखवली, त्याच्याच छायेकडे माझा पेपर तपासायला दिलात?"

"मॅडम, त्या विषयात सर्वांत अधिकारी कोण? त्यांच्याकडेच जाणार ना?"

"अहो, पण हितसंबंध?"

"हितसंबंध माणसाचे असतात. मेलेल्या माणसाला काय त्याचं? शिवाय छायेला लेखकाचं नाव कळत नाही. तुम्ही कोण, हे तिच्या गावीही नाही."

"सर स्वतः असते तर त्यांनी हा पेपर डोक्यावर घेतला असता. त्यांनीच मला पाठवलं होतं."

"असेल. पण ते कुठे लिहिलेलं आहे का?" गंधे खरोखरच सहानुभूतीने म्हणाले. "छाया त्यांनी लिहिलं त्यावरून बनते मॅडम. दवाखान्यात बोलले ते तिला कसं कळणार?"

मग त्यांनी वाट सुचवली. कुटुंबीयांनी संमती मागे घेतली तर छाया बंद होते, आणि अशा छायेने शेवटी तपासलेले पेपर नव्या परीक्षकाकडे जातात.

कुटुंबीय म्हणजे काकू. सरांच्या पत्नी, निर्मलाकाकू. धरमपेठेतल्या घरी एकट्या राहत होत्या. केतकी गेली तेव्हा त्या चहा घेत मोबाइलवर मोठ्या अक्षरांत काहीतरी वाचत होत्या.

"ये गं. बरी आलीस. हे बघ, काल चेन्नईच्या कुणाला लिहिलंय त्यांनी, 'क्षार जास्त. मोजून घ्यावेत.' मला हसूच फुटलं. जन्मभर माझ्या आमटीला हेच म्हणत होते."

परिषद नातेवाइकांना छायेचे शेरे वाचायला देते, हे केतकीला माहीत नव्हतं. काकू रोज सकाळी वाचत. त्यातलं रसायनशास्त्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्या वाचत होत्या फक्त बोलण्याची ढब.

केतकीने सगळं सांगितलं. मेची सुट्टी, गोळ्या, मुलांचे दात, चाळीसचा नियम. काकूंचा चहा गार झाला.

"म्हणजे तुझ्या पेपरात यांचं चुकलं असं येणार."

"हो काकू."

"आणि मी सही केली की हे बंद."

"पुसून टाकतात. परत नाही आणता येत."

"ते असते तर काय म्हणाले असते?"

"त्यांनीच तर मला जाऊन ये म्हणून सांगितलं होतं."

"मग आता असं का लिहितात?"

"काकू, हे ते नाहीत." बोलून गेल्यावर केतकीला जीभ चावावीशी वाटली.

"तुला नसतील," काकू म्हणाल्या. त्यांनी गार चहा बाजूला ठेवला. मग मोबाइल केतकीपुढे सरकवला. "कुठे अंगठा लावायचा ते दाखव. पोरांच्या पाण्याचा प्रश्न आहे. माझ्यामुळे अडलं असतं तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं."

अंगठा लागला. शेऱ्यांचं पान पांढरं झालं. काकू त्या पांढऱ्या पानाकडे बघत बसल्या. निघताना केतकीने वाकून नमस्कार केला, तर नेहमीसारखं 'परत ये गं' त्यांनी म्हटलं नाही. केतकी जिना उतरताना रडली. पण मनात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. आता पेपर वाचला जाईल, खुल्या डोळ्यांनी वाचला जाईल, असं तिने स्वतःला सांगितलं.

नवा शेरा आठवड्याभरात आला.

'काम प्रामाणिक आहे. परंतु ही मूलतः जुन्या प्रयोगाची पुनरावृत्ती असून व्यापक वाचकवर्गाला तीत रस असण्याची शक्यता कमी. केवळ दोन शाळांवरून काढलेला निष्कर्ष धाडसाचा वाटतो. लेखकाने अधिक मूलभूत प्रश्नाकडे वळावे.'

केतकी 'परंतु'पर्यंत वाचून थांबली. पुढचं तिला न वाचताही म्हणता आलं असतं. आधी एक गोड वाक्य, मग 'परंतु', मग पुनरावृत्ती, मग शेवटी वडीलकीचा सल्ला. सरांची छाया गेल्यावर त्या विषयातला पुढचा अधिकारी परीक्षक कोण? सरांच्या हाताखाली तयार झालेली, जिचे निवाडे सहसा चुकत नाहीत अशी डॉ. केतकी धर्माधिकारी. तिचीही छाया होती, जशी तिच्या पिढीतल्या सगळ्यांचीच होती. ती दिवसभर कुठे कुठे काय तपासत असते, हे केतकीने कधी पाहिलंच नव्हतं. सोय झाली होती, वेळ वाचत होता, बाकी कुणाला पडलं होतं?

गंधे फोनवर जवळजवळ खूश झाले. "मॅडम, तुमच्या छायेने तुमचीच गय केली नाही! पद्धत किती चोख आहे, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. परिषदेच्या पुढच्या बैठकीत सांगू का मी हे? नाव न घेता."

"माझी छाया आहे ना? मग मी तिचा निर्णय फिरवते."

"स्वतःच्या पेपरवरचा? तिथे मात्र हितसंबंध येतो हो."

सगळ्यात वाईट हे, की तो शेरा चूक आहे असं तिला म्हणता येत नव्हतं. तिची छाया बनली ती तिच्याच शेऱ्यांवरून. जुना प्रयोग पुन्हा करून पाहिलेल्या पेपरचा हवाला कोण देतो? कुणी नाही. म्हणून असे पेपर नाकारले की निवाडा हमखास खरा ठरायचा, परीक्षकाचा मान वाढायचा, आणि मान वाढला की प्रयोगशाळा चालायची. सगळे तसंच करत होते. तिनेही केलं होतं, मन लावून केलं होतं. मुलांच्या पिण्याचं पाणी खराब असणं आणि लोकांना त्यात रस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं होतं ते तिच्यासारख्यांनीच.

पेपर होता तिथेच, सहावर, राहिला. एका वार्ताहराला तिने सगळी हकिकत सांगितली. त्याने मन लावून ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मूल्यांक किती?" जल विभागातल्या अभियंत्याने तेही विचारलं नाही. त्याने स्वतःच पडद्यावर पाहिला आणि तिला चहा मागवला.

शाळा उघडायच्या दिवशी ती स्वतःच गाडी काढून पिंपळडोहला गेली. ज्या दोन शाळांतलं पाणी ती तपासत आली होती, त्यांतली ही एक. प्रवेशोत्सव होता. फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण, पहिलीच्या पोरांच्या हातांत फुगे आणि गुलाबाची फुलं. पोरांनी नळाला अजून हात लावला नव्हता.

मुख्याध्यापक संघपाल खोब्रागडे तिला ओळखत होते. चाळिशीतला, धडपड्या माणूस. त्याच गावचा.

"या मॅडम, बसा. आज मुहूर्तावर आल्या तुम्ही." त्यांनी ऑफिसात खुर्ची पुसून दिली. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी सकाळी त्याच नळावरून भरलेल्या माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यातून आणून टेबलावर ठेवलं.

"सर, नळ सुरू करू नका. त्यासाठीच आलेय." केतकी बसलीसुद्धा नाही. तिने पिशवीतून काचेची नळी काढली, बाहेर जाऊन नळ किंचित उघडला, दोन बोटं पाणी घेऊन आत आली आणि त्यात गुलाबी औषधाचे थेंब टाकले. गुलाबी रंग बघता बघता पिवळा पडला. "हे बघा. फ्लोराइड असलं की असं होतं."

"विहिरीच्या पाण्याचं काय होते?"

"ते पण पिवळं होतं. पण इतकं नाही."

खोब्रागडे सर नळीकडे बघत राहिले. "म्हणजे मॅडम, विहिरीचं पाजा म्हणून सांगून राहिल्या तुम्ही? त्याच विहिरीनं माझ्या बापाचे गुडघे गेले जी. आज तो बसला तर उठवायला दोन माणसं लागतात."

"विहिरीचंही नको. टँकर मागवा. पावसाचं साठवा. पण हे पाजू नका. हे त्याच्याहून वाईट झालंय."

"कागद आहे काही?"

"पेपर आहे."

"किती आकडा त्याचा?"

तिने सांगितला. खोब्रागडे सरांनी खिडकीतून फिल्टरकडे पाहिलं. हिरवा सत्त्याण्णव तिथूनही वाचता येत होता. पण त्यांनी तिची थट्टा केली नाही. ते विचारात पडले होते, मनापासून.

"मॅडम, आकडा राहू द्या. तुम्ही तीन वर्षं उन्हातान्हात येऊन राहिल्या, ते मी पाहिलं आहे. उगाच कोणी येत नाही. दोन दिवस बंद ठेवतो, टँकरसाठी सभापतीला बोलतो. मग पाहू." ते हसले. "आता बसा तरी. पाणी घ्या."

केतकीला इतकं हायसं वाटलं की ती बसली. पेल्याला मात्र तिने हात लावला नाही. "पाणी नको सर."

"घ्या ना. उन्हातून आल्या."

"नको. खरंच नको."

दारात उभ्या असलेल्या ताईंनी पदर सावरला आणि नजर खाली वळवली. खोब्रागडे सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. काय झालं ते केतकीला क्षणभर कळेना, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"धर्माधिकारी मॅडम," सर हळूच म्हणाले. ते तिला आडनावाने कधी हाक मारत नसत. "माझ्या आज्याला ह्या गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. आमची माणसं खाली ओंजळ धरून उभी राहायची. हा नळ बसला, तेव्हा पहिला पेला साऱ्या गावासमोर मी प्यालो होतो. त्यानंतर आमच्या शाळेत आलेल्या माणसानं पाणी नाही म्हटलं, असं झालं नाही."

"सर, तसं नाही हो! मी आत्ताच सांगितलं ना, ह्या पाण्यात..."

"सांगितलं जी. एक पेल्यानं माणूस मरते काय?"

"नाही. एका पेल्याने काहीच होत नाही. ते वर्षानुवर्षं साठत जातं, लहान मुलांच्या हाडांत..."

"मग?"

या 'मग'ला शास्त्रात उत्तर नव्हतं. नाही प्यायली, तर ती आता पाण्याचं जे जे सांगेल ते ते जातीचं ठरेल, आणि हा माणूस तिचं एक अक्षर ऐकणार नाही. त्याने का ऐकावं? प्यायली, तर निदान हा अपमान तरी पुसला जाईल, मग पुन्हा समजावता येईल. असा हिशेब तिने मांडला. पण खरं सांगायचं तर हिशेबही नंतरचा. आधी तिला लाज वाटली होती, स्वतःच्या आडनावाची, त्या पेल्यासमोर ताठ बसलेल्या आपल्या अंगाची.

केतकीने पेला उचलला आणि सगळा रिकामा केला.

पाणी गार होतं. चवीला चांगलं होतं.

खोब्रागडे सरांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा हसू आलं, आणि ते इतकं मोकळं होतं की तिला त्यांच्याकडे बघवेना. "बस, झालं मॅडम. आता माझ्या मनात काही नाही." ते उठून दारापर्यंत गेले. पोरं मघापासून नळाभोवती फुगे घेऊन उभी होती, आणि खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"सर, थांबा," केतकी म्हणाली. "नळ बंद ठेवायचं ठरलंय ना आपलं?"

ते वळले. त्यांना खरोखरच समजलं नव्हतं ती काय विचारतेय ते. "काहून मॅडम? तुम्ही स्वतःच प्यायल्या ना आता."

मग त्यांनी दारातूनच पोरांना हाक दिली. "चला रे, लाईन लावा. पहिलीवाले पुढे."